लोणारचं पुस्तक कोणत्या कपाटात

करीमचाचा,

चिटणीस साहेबांनी काल टेबलावर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "करीमबद्दल दोन ओळी लिहा. जन्म, गाव, नोकरी किती वर्षं. ग्रंथालय परिषदेच्या अहवालात छापायला पाठवून देऊ." मी बसलो. गाव रोहिणखेड एवढं लिहिलं आणि पुढं हात चालेना. तुमचं जन्मसाल तुम्हालाच धड ठाऊक नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "मशिदीजवयच्या लिंबावर वीज पडली, त्या साली." आता हे अहवालात कसं छापणार? तो कागद बाजूला सारला आणि हा घेतला. हा कुठं पाठवायचा नाही.

अकरा दिवस झाले तुम्हाला जाऊन. चाळिसावा अजून व्हायचा आहे. वाचनालय दुसऱ्याच दिवशी उघडलं, कारण वर्तमानपत्रं आली होती आणि वाचणारे पायरीवर उभे होते. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हेच केलं असतं. पण मी थकलोय हो चाचा. काम दुप्पट झालं म्हणून नव्हे. कामाचं काय, ते होतंच. दिवसभर कुणाशी भांडण नाही, त्यानंही माणूस थकतो, हे मला माहीत नव्हतं. आणि एक खोटं मी तुमच्याशी बोललो होतो, ते तसंच माझ्यापाशी राहून गेलंय. ते सांगायचं म्हणून हे सगळं.

मी या खामगावच्या वाचनालयात आलो तेव्हा मॅट्रिकचा दाखला आणि नागपूरच्या तीन महिन्यांच्या वर्गाचं प्रशस्तिपत्र एवढी माझी शिदोरी. कागदोपत्री ग्रंथपाल मी. तुम्ही चावीवाले. कुलूप काढायचं, कंदील पुसायचे, कपाटं झटकायची, असं तुमचं काम लिहिलेलं होतं. पहिल्या आठवड्यातच कळलं की वाचनालय तुम्हीच चालवता. आधी तुम्ही कापसाच्या जिन-प्रेसमध्ये गठाणींवर मार्का मारायचे. सरकीची धूळ छातीत बसली म्हणून ते काम सोडलंत, पण ब्रश आणि काळा रंग बरोबर घेऊन आलात. सहा कपाटं, सहा मार्के. धर्माला गोल, गोष्टींना फूल, भूगोलाला तिकोन, उद्योगधंद्याला चांदणी. प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर तोच मार्का, छोटासा, हात न थरथरता काढलेला. मी नाक मुरडलं. आकडे घालायला हवेत, म्हणालो. तुम्ही म्हणालात, "घाल ना. आकड्याच्या बाजूले चांदनीबी राहू दे. जिनातल्या मानसाले आकडा समजत नाही, मार्का समजते."

दोन्ही राहिलं. आजही आहे.

परिषदेचं तुम्हाला वेड कसं लागलं ते आठवतं? पहिल्या वर्षी मी एकटाच निघालो होतो. तुम्ही माझी वळकटी घेऊन स्टेशनावर आलात. गाडी सुटायला वेळ होता.

"तिथं काय करतेत?" तुम्ही विचारलंत.

"पुस्तकांबद्दल बोलतात. कशी लावायची, कशी जपायची, वाचणारे कसे वाढवायचे."

"तीन दिवस?"

"तीन दिवस."

"दुसरं काहीच नाही?"

"दुसरं काही नाही."

तुम्ही माझी वळकटी डब्यात चढवलीत. मग म्हणालात, "मंग मलेबी ने."

पुढच्या नाताळात मी दोघांचा अर्ज भरला. 'हुद्दा' या रकान्याशी हात थांबला. काय लिहू? शेवटी 'ग्रंथपाल' लिहिलं. चिटणीसांनी न वाचता सही केली. ते कधीच वाचत नाहीत, वकील असूनसुद्धा. अमरावतीला मंडपाच्या दाराशी एका स्वयंसेवकानं तुमच्या शेरवानीवर रेशमी फितीचा बिल्ला लावला. 'ग्रंथपाल, खामगाव, मध्यप्रांत-वऱ्हाड.' तो म्हणाला, "आपण पुढं बसावं." तुम्ही वळून मागं पाहिलंत, हा 'आपण' कोण आला म्हणून. मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. पुढं जाऊन बसलात आणि जेवणाची घंटा होईपर्यंत पाठ टेकवली नाहीत.

खरं सांगू? मला परिषदांचा कंटाळा यायचा. स्वागताध्यक्षांचं भाषण, उद्घाटकांचं भाषण, मग त्या दोघांच्या आभाराचं भाषण, आणि दुपारी पातळ वरण. मी जायचो तो तुमचं तोंड बघायला. तुम्ही शब्द न शब्द ऐकायचे. दर परिषदेत एक प्रश्न विचारायचा, एकच, असा तुमचा नेम. पहिलाच प्रश्न विचारता विचारता उत्तरही तुम्हीच दिलंत. कसर लागू नये म्हणून लिंबाचा पाला ठेवावा का, यावर चर्चा चालली होती. तुम्ही उभे राहून म्हणालात, "पाला वाळला का त्याचा चुरा होते, पानात बसते. त्याच्यापेक्षा तंबाखूचं अख्खं पान काऊन नाही ठेवत?" अमरावतीच्या कॉलेजातल्या ग्रंथपालांनी वही काढली आणि ते टिपून घेतलं. परतीच्या गाडीत बडनेऱ्यापासून जलंबपर्यंत तुमचं एकच चालू होतं, "लिहून घेतलं बे त्यानं. वहीत." जलंबला आपली खामगावची गाडी लागायला वेळ होता. फलाटावर हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं. तुमच्याजवळ तुमची सुरई होती, तिच्यातलं दोघं प्यालो.

बिल्ले तुम्ही कपाटाच्या दाराला आतून टोचून ठेवायचे. सात आहेत. "तीन दिवस आपन ग्रंथपाल," म्हणायचे, "मंग हायेच चावी." हे तुम्ही कुरकुरत कधी म्हणाला नाहीत. सणाला नवीन कपडे घालून परत रोजचे चढवावेत, तसं म्हणायचे. पण दर वर्षी परत आल्यावर काहीतरी नवीन सुरू व्हायचं. कार्डांची यादी पाहून आलात, तर जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्यात, मापात कापल्यात आणि कोऱ्या बाजूला पुस्तकांची नावं लिहिलीत. गुरांच्या रोगांवरच्या पुस्तकाचं कार्ड उलटं केलं की आजही 'आपल्या कृपेकरून' निघतं. कुणीतरी फिरत्या पेटीबद्दल बोललं, तर महिन्याभरात तुमची पेटी बाजाराच्या बैलगाडीवर रोहिणखेडला जायला लागली. मशिदीच्या ओट्यापाशी लिंबाखाली बसून तुम्ही वाचून दाखवायचे. मी एकदाच आलो होतो. शेतकरी होते, तेली होता, बाया अंतर राखून भिंतीला टेकून बसल्या होत्या. एका म्हाताऱ्यानं तुमचा उर्दू उच्चार सुधारला आणि तुम्ही पान मागं उलटून ते वाक्य परत वाचलंत. हे मी कधी बोललो नाही, पण त्या दिवशी मला तुमचा हेवा वाटला. प्रशस्तिपत्र माझ्याकडे होतं.

आता लोणारच्या पुस्तकावर येतो.

माझं गाव लोणार म्हणून ते पुस्तक माझं, असं मी पहिल्यापासून धरून चाललो होतो. कुण्या जुन्या मास्तरांनी लिहिलेलं, पातळ, पिवळं पडलेलं. तळ्याचं वर्णन, देवळं, दैत्याची कथा, आणि शेवटी वीस पानं तळ्यातला खार कसा काढतात, कुठं विकतात, साबणाला आणि बांगड्यांच्या भट्टीला तो कसा वापरतात. मी ते भूगोलात लावलं, तिकोनाच्या कपाटात. दुसऱ्या दिवशी पाहतो तर ते चांदणीच्या कपाटात, उद्योगधंद्यात.

"चाचा, हे तळ्याचं पुस्तक आहे."

"हाव. पन मांगाले कोन येते? साबनवाले येतेत. बांगडीवाले येतेत. ते भूगोलाच्या कपाटाकडं पायतबी नाहीत. पुस्तकात काय लिहेल हाये ते वाचनारा पायीन. आपन पायाचं, मांगाले कोन येऊन राह्यला."

मी नागपूरच्या वर्गात शिकलेलं सगळं तुमच्यावर ओतलं. पुस्तक मजकुरावरून लावायचं, माणसावरून नाही, माणसं बदलतात. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "लोनारकर, तुह्या तयाचं पानी खारं, तसाच तू." संध्याकाळी जाताना मी पुस्तक तिकोनात ठेवायचो. सकाळी तुम्ही माझ्याआधी येऊन कुलूप काढायचे. मी येऊन पाहावं तर पुस्तक चांदणीत. नऊ वर्षं हे चाललं. एका वर्षी साठ्याची तपासणी होती. सकाळी तुम्ही चांदणीचं कपाट मोजलंत, त्यात ते पुस्तक धरलंत. दुपारी तुम्ही नमाजाला गेलात तेव्हा मी ते हळूच तिकोनात नेलं आणि माझ्या मोजणीत धरलं. बेरजेला एक पुस्तक जास्त निघालं. चिटणीस चक्रावले. वाचनालयात पुस्तकं कमी भरतात हे त्यांनी ऐकलं होतं. जास्त भरलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आपण दोघं माना खाली घालून उभे होतो. त्यांनी पाठ फिरवल्यावर तुम्हाला हसता हसता खोकल्याची उबळ आली आणि मी तुमची पाठ चोळत बसलो.

गेल्या नाताळात परिषद नागपूरला होती. आदल्या वर्षी तीन दिवस दार बंद राहिलं आणि एका बड्या सभासदानं तक्रार केली होती, म्हणून चिटणीस म्हणाले, या वेळी एकानंच जायचं. खरं तर तुम्ही जायला हवं होतं. इस्त्रीची शेरवानी तुम्ही खुंटीला लावून ठेवली होती, मी पाहिली होती. मी म्हणालो, "चाचा, नागपूरची थंडी तुम्हाला सोसायची नाही. दम लागतो." हे खरं होतं. पण सगळं खरं नव्हतं. माझा निबंध पहिल्यांदाच स्वीकारला गेला होता आणि मला तो स्वतः उभं राहून वाचायचा होता.  "खरं हाये," म्हणालात, आणि एका कार्डावर प्रश्न लिहून दिलात. 'पुस्तक मजकुरावरून लावावे, का मागणाऱ्यावरून? उदाहरण, लोणारचे पुस्तक.' वर म्हणालात, "जे सांगतीन ते मान्य. मी हारलो तं हारलो."

माझा निबंध चांगला झाला. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी अकोटकडचा कुणी प्रतिनिधी 'आमच्या इकडं असं हाये' म्हणत बोलायला उठला आणि पुढच्या रांगेतले दोघंतिघं एकमेकांकडे पाहून हसले. दुपारी अध्यक्षांनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" कार्ड माझ्या कोटाच्या खिशात होतं. माझा हात वर गेला नाही. टाळ्या मिळालेला माणूस मी, आता साबणवाल्यांबद्दल विचारायचं मला जड गेलं. आणि दुसरं एक होतं, ते आज पहिल्यांदा लिहितोय. मला भीती वाटली की अध्यक्ष म्हणतील, तुमच्या चावीवाल्याचंच बरोबर आहे.

तुम्ही खामगावच्या स्टेशनावर उभे होता, गळ्याला मफलर गुंडाळून. माझी वळकटी घ्यायच्या आधी विचारलंत, "मंग? काय म्हनलं त्यायनं?"

"भूगोल," मी म्हणालो. "मजकुरावरूनच लावायचं म्हणाले."

"हाव का?" वळकटी उचललीत. "काऊन, ते नाही सांगतलं?"

"वेळ कमी होता."

तुम्ही मान हलवलीत. मग जेवणात काय होतं ते विचारलंत. मी पातळ वरण सांगितलं आणि तुम्ही समाधानानं हसलात.

पुस्तक मात्र काही दिवस चांदणीतच राहिलं. मी हलवलं नाही, हलवायचं तोंड नव्हतं. मग संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, टेबलावर तिळगुळाचा डबा होता म्हणून मला पक्कं आठवतं, तुम्ही ते पुस्तक घेऊन बसलात. पात्यानं पाठीवरची चांदणी खरवडलीत. ब्रश काढलात आणि तिथं तिकोन काढलात. दम लागत होता तरी रेघ सरळ आली. स्वतःच्या हातानं ते माझ्या कपाटात ठेवलंत. "राहू दे आता तुह्यापाशी," एवढंच म्हणालात. मी समजलो, परिषदेनं निकाल दिला, चाचा शब्दाला जागले. मला बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. त्यानंतर ते पुस्तक जागचं हललं नाही.

तुम्ही खाटेला खिळलात तेव्हा मी रोज यायचो. चाची चहा करायची. दोनदा मी तोंड उघडलं. "चाचा, ते परिषदेत..." म्हणालो, की तुम्ही मध्येच विचारायचे, "पुढल्या साली कुठं हाये?" मी म्हणायचो, अकोल्याला. "जवयच हाये. दोघंबी जाऊ." आणि मग कोणाकडे कोणतं पुस्तक राहिलंय याची यादी सुरू करायचे. मला वाटायचं, तापात विषय सुटतोय. मीही सुटू द्यायचो.

तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी बाजारातला एक साबणवाला आला. मला न विचारता सरळ चांदणीच्या कपाटाशी गेला, वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रिकाम्या हातानं निघाला. मी दारात गाठलं. "काय पाहिजे होतं?" तर म्हणे, "लोनारच्या खाराचं पुस्तक होतं इथं. करीमचाचा द्यायचे. गेलं वाटते त्यायच्यासंगंच." मी त्याला ते तिकोनातून काढून दिलं. बसून त्यानं दोन पानं उतरवून घेतली. चाचा, तुमचंच बरोबर होतं. तीन महिन्यांच्या वर्गात मला हे कुणी सांगितलं नाही.

आणि परवा अमरावतीहून पोस्टकार्ड आलं. तंबाखूचं पान वहीत टिपून घेणाऱ्या त्या ग्रंथपालांचं. दुःखाचे चार शब्द आहेत, मनापासून लिहिलेत. खाली लिहितात, 'त्यांचे शेवटचे पत्र मजजवळ आहे. नागपुरास अध्यक्षांनी लोणारच्या पुस्तकाविषयी काय कारण दिले, असे त्यांनी विचारले होते. असा प्रश्न सभेत निघालाच नाही, असे मी संक्रांतीच्या सुमारास कळविले. त्यांचा काही गैरसमज झाला असावा.'

 एकानं वर्तमानपत्र मागितलं, त्याला मी दुसरंच दिलं.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. मी 'वेळ कमी होता' म्हणालो, म्हणून कारण तुम्ही दुसरीकडून मागवलंत. ते आलं. आणि ते वाचल्यावर तुम्ही ब्रश काढलात. मी खोटं बोललो हे ठाऊक असताना माझा तिकोन काढलात, तोही इतका सरळ. खाटेवर मी तोंड उघडलं की अकोल्याची गोष्ट काढायचे, तीही तापात नव्हे. मला बोलू द्यायचं नव्हतं तुम्हाला. काऊन, चाचा? स्टेशनावर तुम्ही मला हेच विचारलं होतंत. आता मी विचारतोय. एखाद्या दिवशी वाटतं, माझी लाज तुम्ही झाकलीत. एखाद्या दिवशी वाटतं, तुम्हाला त्या भांडणाचाच वीट आला. आणि कधी कधी तुमचा रागही येतो. नुसतं 'खोटं बोल्ला बे' म्हणाला असता, तर मी तिथंच पाय धरले असते आणि मोकळा झालो असतो.

तुमच्या प्रश्नाचं कार्ड अजून माझ्या कोटाच्या खिशात आहे. अकोल्याला जाईन. हात वर करीन आणि तुम्ही लिहिलंय तसंच वाचीन, खाली तुमचं नाव आणि हुद्दा जोडून. कुणाला हसायचं असेल तर हसो. चिटणीसांच्या कागदावरही आता एक ओळ वाढवली आहे. 'करीमचाचा, ग्रंथपाल.' ते न वाचता सही करतील.

काल संध्याकाळी जाताना मी लोणारचं पुस्तक चांदणीच्या कपाटात ठेवलं. पाठीवरचा तिकोन खरवडवला नाही, तो तुमच्या हातचा आहे. आज सकाळी लवकर आलो. कुलूप काढलं आणि आधी तिकोनाचं कपाट उघडून पाहिलं. तिथं नव्हतं. मग चांदणीचं उघडलं. मी ठेवलं होतं तिथंच होतं.